एक घर चुकलं तर

ज्या शाळेत मी एकतीस वर्षं विज्ञान शिकवलं, तिथली चित्रकलेची खोली आता राहणार नाही. तिथं रोबोटिक्सची प्रयोगशाळा होणार आहे. चित्रकलेचे सर निवृत्त झाले तेव्हाच त्यांची जागा भरली गेली नव्हती, त्यामुळे आज ना उद्या खोलीही जाणार हे दिसत होतं. पालकसभेत हा निर्णय समजावून सांगायला जो उभा राहिला, तो माझाच विद्यार्थी. आता पुण्यात इंजिनियर आहे, मोठ्या पदावर आहे आणि प्रयोगशाळेची यंत्रं स्वतःच्या पैशातून देतो आहे. मुलगा हुशार आणि मनानं निर्मळ. जे बोलला ते मनापासून बोलला, म्हणून त्याला उत्तरही तितक्याच मनापासून द्यायला हवं.

त्याचं म्हणणं असं. कला वाईट नाही, पण ती नंतरची गोष्ट आहे. आधी पोट, मग छंद. पुण्या-मुंबईला कलेचे लाड परवडतात. गिरण्या बंद पडलेल्या आणि तरुण पोरं गाव सोडून चाललेल्या सोलापूरला ही चैन परवडत नाही. विज्ञान खरं काय ते सांगतं, तंत्रज्ञान हाताला काम देतं, कला करमणूक करते. आणि आता तर चित्र काय, कविता काय, चाल काय, मागाल ते मशीन काढून देतं. मग मुलांचे आठवड्याचे दोन तास त्यात का घालवायचे?

टाळ्या पडल्या. सभा संपल्यावर तो येऊन पाया पडला आणि म्हणाला, "सर, बरोबर बोललो ना?" मी त्याच्या पाठीवर हात ठेवला आणि काही न बोलता घरी आलो. ते न बोलणं मला तेव्हापासून सलतं आहे.

आधी एक गोष्ट स्पष्ट करतो. रोबोटिक्सच्या प्रयोगशाळेला माझा विरोध नाही. शाळेला पहिला ऑसिलोस्कोप मिळावा म्हणून मी दोन वर्षं अर्ज लिहिले आहेत. मुलांच्या हाती यंत्र आलं की त्यांच्या डोळ्यांत काय चमकतं ते मला ठाऊक आहे. माझं भांडण त्या प्रयोगशाळेसाठी दिलेल्या कारणांशी आहे. ती कारणं चूक आहेत, आणि सोलापुरात उभं राहून दिली तर जास्तच चूक आहेत.

सोलापूरला कलेची चैन परवडत नाही म्हणे. या गावाचं नाव देशभर कशामुळे गेलं? चादरीमुळे. 1877 साली उभी राहिलेली आपली जुनी मिल आणि तिच्या मागोमाग आलेल्या गिरण्या यांनी सूत कातलं, कापड विणलं, हजारो घरं पोसली. तसं सूत आणि तसं कापड मुंबईतही निघत होतं, अहमदाबादेतही. लोक प्रवासातून येताना घडी घालून ट्रंकेत ठेवून आणत ती मात्र सोलापुरी चादर, आणि ती ओळखू येई नक्षीवरून. 2005-06 मध्ये तिला भौगोलिक निर्देशांकाची नोंद मिळाली तीही गावाच्या या खास ओळखीसाठी.

ही नक्षी चादरीवर येते कशी, हे मी दर वर्षी एका तुकडीला शहराच्या पूर्व भागात नेऊन दाखवत असे. तिथल्या एका कारखान्यात डिझाईन काढणारे एक मास्तर होते. पद्मशाली, घरात तेलुगू, आमच्याशी मराठी, मागवाल्यांशी दोन्ही मिसळून. त्यांच्यासमोर आलेखाचा भला मोठा कागद पसरलेला असे. उभी ओळ म्हणजे ताण्याचे धागे, आडवी ओळ म्हणजे धोट्याची एक फेरी. जिथं रंग दिसायला हवा तिथलं घर ते पेन्सिलीनं भरत. मोराची मान वळवायची तर चौकोनी घरांतून वळवायची. पायऱ्यांतून गोलाई काढण्यासारखंच ते काम. मास्तर दोन पावलं मागं जात, डोळे किलकिले करत, पुन्हा पुढं येऊन एखादं घर खोडत. मुलांना सांगत, "इथं एक घर चुकलं तर मोराची मान मोडते. आणि एकदा मोडली की हजार चादरींत मोडते."

मग त्या कागदाबरहुकूम पुठ्ठ्याच्या पत्त्यांना भोकं पाडली जात. एका पत्त्यावर धोट्याच्या एका फेरीचा हुकूम. असे शेकडो पत्ते दोरीनं एकमेकांना ओवून त्यांची माळ मागाच्या डोक्यावर, जकार्डवर चढे. पत्ता पुढं सरकला की सुयांची रांग त्यावर येऊन टेकायची. भोक असेल तिथली सुई आत शिरायची, तिचा आकडा जागेवर राहायचा आणि उचलला जाताना आपले धागे घेऊन वर यायचा. भोक नसेल तिथली सुई मागं ढकलली जायची, आणि तिचे धागे खालीच राहायचे. हो किंवा नाही. एक किंवा शून्य. मुलांना मी तिथंच थांबवून सांगायचो, तुमच्या संगणकाचं एक मूळ इथं आहे.

हे मी रंगवून सांगत नव्हतो. फ्रान्समधल्या लिऑनच्या जोसेफ जकार्डनं 1804 साली ही युक्ती पक्की केली. ती नक्षीच्या रेशमासाठी होती. पुढं इंग्लंडमध्ये चार्ल्स बॅबेजनं हिशेब करणाऱ्या आपल्या यंत्राचा आराखडा काढला, तेव्हा यंत्राला हुकूम देण्यासाठी त्यानं हेच पत्ते घेतले. जकार्डचं रेशमात विणलेलं एक चित्र बॅबेजच्या घरी होतं. ते विणायला 24,000 पत्ते लागले होते. पाहुण्यांना तो ते दाखवत असे. हर्मन हॉलरिथनं 1890 ची अमेरिकेची जनगणना भोकांच्या कार्डांवर मोजली, आणि त्यानंतर कित्येक दशकं संगणकाला कार्डंच भरवली गेली. माझ्या इंजिनियर विद्यार्थ्याचा पगार ज्या विद्येवर चालतो, तिच्या वंशावळीत कुणाला तरी कापडावर फूल उमटवायचं होतं. गरज नसलेलं, ऊब न देणारं फूल. चादर फुलाशिवायही तेवढीच उबदार असते.

आणि पूर्व भागातलं पुढचं चित्रही पाहा. माग सुधारले, यंत्रमाग आले, काही ठिकाणी पत्ते जाऊन संगणकावर चालणारं जकार्ड आलं. नक्षी मात्र बरीचशी तीच राहिली. डिझाईन काढणाऱ्याला वेगळा पगार कशाला, जुनीच काढा की, असं होत गेलं. दरम्यान बाहेरगावी विणलेला स्वस्त माल सोलापुरी नावानं बाजारात आला. नक्कल करणं सोपं होतं, कारण नक्कल करण्याजोगं जे होतं ते वर्षानुवर्षं बदललंच नव्हतं. चादरीच्या धंद्याला उतरती कळा लागली ती सुताचे भाव, वीज, मजुरी, बदललेली आवड अशा अनेक कारणांनी. सगळं खापर मी एका कारणावर फोडणार नाही. पण यंत्रावर पैसा घातला आणि ते पेन्सिल धरणारे हात आपण चैन समजलो, एवढं तरी या गावानं स्वतःशी कबूल करावं. "आधी पोट, मग कला" हा प्रयोग सोलापुरात होऊन गेला आहे. त्याचा निकाल पाहायला पुण्याला जावं लागत नाही.

आता वर्गात येतो. आठवी-नववीला कांद्याच्या पापुद्र्याच्या पेशी सूक्ष्मदर्शकाखाली पाहायच्या असतात. शेवटच्या काही वर्षांत मुलं भिंगावर मोबाईल टेकवून फोटो काढू लागली. फोटो उत्तम यायचे. मग मी विचारायचो, केंद्रक कुठं होतं, मध्यभागी की कडेला? फोटो काढलेल्यांना ते आठवत नसे. ज्यांनी पेन्सिलीनं आकृती काढली होती ती मुलं पटकन सांगत, "सर, भिंतीला चिकटून." आकृती काढायची तर प्रत्येक रेघेला ठरवावं लागतं की ती आहे की नाही, कुठून निघते, कुठं संपते. ज्याला रेघ काढता येत नाही त्याला बहुतेक वेळा ती दिसलेलीच नसते. हे मला चित्रकलेच्या सरांनी एकदा चहा पिताना सांगितलं होतं. मी ते बोलणं हसण्यावारी नेलं होतं. पुढं पेशींनी ते सिद्ध करून दाखवलं.

विज्ञानाच्या इतिहासातली एक घटना तर मी दर वर्षी सांगत आलो आहे. 1609 साली उन्हाळ्यात इंग्लंडचा थॉमस हॅरियट दुर्बिणीतून चंद्र पाहत होता, गॅलिलिओच्या काही महिने आधी. गणितात तो कसलेला होता. त्यानं चंद्राचं चित्र काढलं ते असं, की प्रकाश आणि अंधाराच्या सीमेवर एक वेडीवाकडी रेघ आणि काही डाग. त्याच वर्षअखेरीस गॅलिलिओनं चंद्र पाहिला आणि त्याला डोंगर दिसले, दऱ्या दिसल्या, शिखरांवर पडलेला सकाळचा उजेड दिसला. गॅलिलिओला रेखाटन येत होतं. छायाप्रकाशातून उंचवटा कसा ओळखायचा हे फ्लॉरेन्सच्या चित्रकारांनी शतकभर घोटून ठेवलं होतं आणि तो त्याच हवेत वाढला होता. 1610 मध्ये गॅलिलिओची चित्रं छापून आली, आणि त्यानंतर हॅरियटच्या कागदावरही विवरं उमटू लागली. काच दोघांकडे होती. सावली वाचायला शिकलेला डोळा आधी एकाकडेच होता.

आणखी एक उदाहरण आपल्या मातीतलं देतो, कारण ते ऑसिलोस्कोपवर मी मुलांना प्रत्यक्ष दाखवलेलं आहे. ताणलेलं साधं गोल कातडं वाजवलं तर त्याच्या मूळ कंपनाच्या 1.59 पट, 2.14 पट अशी आडनिडी वरची कंपनं निघतात. ती एकमेकांशी जुळत नाहीत, म्हणून साध्या ढोलातून धड सूर ऐकू येत नाही. तबला मात्र सुरात लागतो. का? मधल्या काळ्या शाईमुळे. शाईच्या वजनानं कंपनं ओढून जवळ आणली जातात आणि ती पूर्णांकांच्या पटीत बसतात. सी. व्ही. रामन यांनी सहकारी शिवकाली कुमार यांच्याबरोबर 1920 मध्ये याचं शास्त्र 'नेचर'मध्ये मांडलं. पण शाईचा थर किती द्यायचा, कुठं जाड, कुठं पातळ, हे कुठल्या समीकरणानं सांगितलं होतं? कुणी तरी थर द्यायचा, वाजवायचं, ऐकायचं, घोटायचं, पुन्हा ऐकायचं. सूर हवा होता म्हणून ऐकणं होतं. ज्या माणसाला सुराची ओढच नाही त्याच्यासाठी ढोल पुरेसा होता. रामनना सोडवायला प्रश्न मिळाला तो या ओढीनं शतकानुशतकं आधी दिलेल्या उत्तरातून.

इथं मी थांबलो तर माझा विद्यार्थी खूश होईल. म्हणेल, सर, मग ठीक आहे, चित्रकलेनं निरीक्षण सुधारतं, तबल्यातून भौतिकशास्त्र शिकता येतं, तेवढ्यापुरती ठेवू. कलेची बाजू घेणारे आपण लोक नेमके इथंच हरतो. आपण घाबरून कलेचे फायदे मोजू लागतो. चित्रकलेच्या एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट परीक्षांचं काय झालं? इंटरमिजिएटच्या श्रेणीला दहावीच्या निकालात गुण जोडले जाऊ लागले आणि मुलांची झुंबड उडाली. मी पालकांना विचारायचो, मुलगी चित्र काढते का? उत्तर यायचं, "हो सर, सात मार्कांसाठी." परीक्षा झाली की रंगांची पेटी माळ्यावर. फायद्यासाठी आत आणलेली गोष्ट फायदा संपला की बाहेर जाते. त्यात आश्चर्य काही नाही.

म्हणून त्याच्या तिसऱ्या मुद्द्याकडे येतो. विज्ञान खरं सांगतं आणि कला करमणूक करते, हे त्याचं वाक्य मला सगळ्यांत जास्त लागलं, आणि माझा खरा प्रतिवाद यालाच आहे.

भैय्या चौकातलं डॉ. द्वारकानाथ कोटणीसांचं घर आपण सगळ्यांनी पाहिलं आहे. 1938 साली पाच भारतीय डॉक्टर युद्धात होरपळलेल्या चीनला मदतीसाठी गेले, त्यांतले ते एक. 9 डिसेंबर 1942 ला तिथंच वारले, वय अवघं 32. त्यांनी ज्या पद्धतींनी शस्त्रक्रिया केल्या त्यांतल्या बऱ्याच आज मागे पडल्या आहेत. विज्ञानाचा धर्मच तो आहे, पुढचं आलं की मागचं बाजूला ठेवायचं. यात कमीपणा काही नाही. पण मग सोलापूरच्या लहान मुलाला कोटणीस कसे माहीत झाले? ख्वाजा अहमद अब्बास यांनी त्यांची कथा लिहिली, व्ही. शांतारामांनी 1946 मध्ये तिच्यावर चित्रपट केला आणि स्वतः कोटणीसांची भूमिका केली. देशात ज्यांना चीन नकाशावर दाखवता आला नसता, त्यांनी चित्रपटगृहात बसून एका परक्या मुलखातल्या जखमी माणसासाठी जीव टाकणारा आपल्यातला मुलगा पाहिला. माझ्या आईनं तो चित्रपट पाहिला होता. ती शाळेत चौथीपर्यंत शिकलेली. डॉक्टर म्हणजे काय असावं हे तिनं मला जे सांगितलं ते त्या चित्रपटावरून, आणि त्यानंतर वाचलेल्या कुठल्याही पुस्तकानं मला ते त्याहून नीट सांगितलेलं नाही. शस्त्रक्रिया कशी करायची ते वैद्यकशास्त्र सांगतं. कुणासाठी, कुठवर, कोणत्या किमतीला, हे वैद्यकशास्त्राला ठरवता येत नाही. मग ते ठरवायला माणूस कुठं शिकतो?

करमाळ्याच्या जेऊरचे नागराज मंजुळे यांचा 'फँड्री' हा चित्रपट 2013 चा. जातीबद्दलची आकडेवारी आपल्याकडे इंग्रजांच्या जनगणनांपासून आहे. समित्यांचे अहवाल आहेत, कायदे आहेत. त्यातलं सगळं खरं आहे. तरी गावाबाहेरच्या घरातल्या मुलाला वर्गातल्या मुलीसमोर डुक्कर धरायला लागतं तेव्हा काय होतं, हे त्या अहवालांत कुठल्या पानावर आहे? डुकरामागं धावणारं ते कुटुंब शाळेतून राष्ट्रगीत ऐकू येताच जागच्या जागी ताठ उभं राहतं. समोर डुक्कर चाललंय आणि ही माणसं हलत नाहीत. त्या दृश्यात जे खरं आहे ते आकड्यात मावत नाही, आणि ते खोटंही नाही. शेवटी तो मुलगा, जब्या, भिरकावतो तो दगड थेट आपल्या तोंडावर येतो. आमच्या वर्गातल्या मुलांनी तो चित्रपट पाहिला त्यानंतरच्या आठवड्यात, सदैव शेवटच्या बाकावर बसणारा आणि वर्षभर तोंड न उघडलेला एक मुलगा मधल्या सुट्टीत माझ्याकडे आला आणि आपल्या घराबद्दल बोलायला लागला. मला त्याचं नाव, हजेरी क्रमांक आणि सहामाहीचे गुण माहीत होते. त्याच्याबद्दलची माझी सगळी माहिती अचूक होती. आणि मला तो मुलगा ठाऊक नव्हता.

याला करमणूक म्हणायचं?

काही जण इथं सी. पी. स्नो यांचा हवाला देतात. 1959 च्या त्यांच्या व्याख्यानात त्यांनी म्हटलं होतं की साहित्यिकांना उष्मागतिकीचा दुसरा नियमही माहीत नसतो आणि त्याची त्यांना लाजही वाटत नाही. तक्रार योग्य होती. पण ती इंग्लंडमधली होती. तिथं साहित्य शिकलेल्यांच्या हाती मान होता आणि विज्ञानवाल्यांना खालच्या पायरीवर बसवलं जाई. शिवाय स्नो स्वतः शास्त्रज्ञ होते आणि कादंबरीकारही. आपल्याकडे दहावीला नव्वद टक्के मिळवून जो मुलगा कला शाखेला जातो, त्याच्या घरी नातेवाईक समाचाराला आल्यासारखे येतात. इथं स्नोंचं वाक्य उचलून कलेला बडवणं म्हणजे आधीच पडलेल्याला लाथ मारणं.

ज्या जपानच्या रोबोंचं माझ्या विद्यार्थ्याला कौतुक आहे, तिथं 2015 साली शिक्षणमंत्र्यांनी राष्ट्रीय विद्यापीठांना पत्र पाठवलं, की मानव्यविद्या आणि समाजशास्त्रांचे विभाग बंद करा किंवा समाजाच्या गरजेनुसार बदला. उद्योगांना हेच हवं आहे, असा सर्वसाधारण समज होता. प्रत्यक्षात काही महिन्यांतच तिथल्या उद्योगपतींच्या सर्वांत मोठ्या संघटनेनं, केइदानरेननं, जाहीर केलं की आम्हाला नुसती ताबडतोब कामाला लागणारी माणसं नको आहेत. कला-मानव्याकडच्यांना विज्ञान कळावं आणि विज्ञानवाल्यांना मानव्य, अशी माणसं हवी आहेत. आपलं 2020 चं शैक्षणिक धोरणही कला आणि विज्ञान यांच्यात भिंत नको म्हणतं. 2009 च्या शिक्षण हक्क कायद्यात मात्र सहावी ते आठवीला शंभराहून जास्त मुलं असली तरच कलेला एक अर्धवेळ निदेशक, अशी तरतूद आहे. धोरणातली भिंत पाडणं सोपं असतं. वेळापत्रकातली तशीच राहते.

आता मशीनबद्दल. ते चित्र काढतं, हे खरं आहे. मी पाहिलं आहे, आणि काही चित्रं सुंदर होती. मशीनला हे कधीच जमणार नाही, असलं भाकीत मी करणार नाही. विज्ञानाच्या माणसानं "कधीच" हा शब्द जपून वापरावा. यंत्रानं हातचं काम जातं हेही मला मान्य आहे. आपल्या गावात एकेक पेंटर असे होते की एकाच पाटीवर मराठी, कानडी, तेलुगू आणि उर्दू चारही लिप्या काढत. कानडीची गोलाई आणि उर्दूचा उतार एकाच ब्रशातून निघे. फ्लेक्स आला आणि चार-पाच वर्षांत ते ब्रश वाळून गेले. त्या माणसांचं नुकसान झालं आणि गावाचंही झालं. याच जिल्ह्यातल्या पंढरपूरला 1915 मध्ये जन्मलेले एम. एफ. हुसेन मुंबईत सिनेमाच्या पाट्या रंगवून पोट भरत होते. आज ते तरुण असते तर त्यांना शिडी आणि रंगाचा डबा कुणी दिला असता?

पण मशीन काढतं म्हणून मुलानं काढू नये, या तर्काचा पाया पाहा. त्यात गृहीत असं आहे की चित्रकलेच्या तासाचं उत्पादन म्हणजे चित्र. सहावीतल्या मुलानं काढलेल्या आंब्याच्या झाडाची जगाला कधीच गरज नव्हती, मशीन येण्याआधीही नव्हती. त्या तासात झाड तयार होत नाही, झाडाकडे पाहणारा तयार होतो. आणि मशीन जे काढतं ते आजवर माणसांनी काढलेल्या कोट्यवधी चित्रांतून शिकून काढतं. त्यातून बरं काय, वाईट काय, खोटं काय, आपलं काय, हे निवडायला कुणाचा डोळा लागणार? शंभर नक्ष्या मशीन क्षणात देईल. त्यातल्या नव्व्याण्णव बाजूला ठेवायला मास्तरांसारखं दोन पावलं मागं जाऊन डोळे किलकिले करता आलं पाहिजे. ते शिकवणारी शाळेतली खोली आपण आत्ताच बंद करतो आहोत, नेमकी जेव्हा तिची सर्वांत जास्त गरज पडणार आहे तेव्हा.

टाटा मूलभूत संशोधन संस्था उभी करताना होमी भाभांनी इमारतीच्या खर्चातला एक टक्का चित्रांसाठी राखून ठेवला होता. देश गरीब होता, परकीय चलनाची ओढाताण होती, आणि ते अणुशास्त्रज्ञ होते. कुलाब्याच्या त्या इमारतीत हुसेन यांचं भव्य भित्तिचित्र आहे. पाट्या रंगवणाऱ्या पंढरपूरच्या पोरानं अणुसंशोधन करणाऱ्यांच्या भिंतीवर काढलेलं. भाभा स्वतः चित्रं काढत. त्यांना ती चैन वाटली नाही.

आणि आपल्या गावाचं काय? संक्रांतीला आपण ज्यांचे नंदीध्वज मिरवतो ते सिद्धरामेश्वर कोण होते? बाराव्या शतकात त्यांनी माणसं गोळा करून तळं खोदवलं, असं परंपरा सांगते. पाण्याची गरज ओळखणं, जागा निवडणं, बांध घालणं, ही त्या काळातली अभियांत्रिकीच. आणि त्याच माणसानं कानडीत वचनं रचली, ती आजही वाचली जातात. तळं आधी की वचन आधी, पोट आधी की शब्द आधी, असा प्रश्न त्यांना पडल्याचं कुठं आढळत नाही. आपण दर वर्षी दोन्हींसमोर अक्षता टाकतो.

शाळेच्या व्यवस्थापनाकडे माझं मागणं छोटं आहे. प्रयोगशाळा त्याच खोलीत करा. पण उत्तरेकडच्या खिडकीखालचं लांब टेबल आणि ब्रश धुवायची मोरी काढू नका. रोबो बनवणाऱ्या मुलांना आधी तो कागदावर हातानं काढू द्या. चित्रकलेच्या शिक्षकाची जागा भरा. आणि ते दोन तास गणित, इंग्रजी, विज्ञान यांतलं कुणीही मागायला आलं तरी देऊ नका.

विज्ञान मी मुद्दाम लिहिलं आहे. परीक्षा जवळ आल्या की चित्रकलेचे तास मलाच हवे असायचे, आणि सर हसून ते देत. माझा विद्यार्थी पालकसभेत जे बोलला ते त्यानं पुण्यात शिकलेलं नाही. परवा मी जुन्या डायऱ्या काढून पाहिल्या. दर वर्षी एका तुकडीला मी पूर्व भागात मास्तरांकडे नेत असे, फक्त एक वर्ष सोडून. त्या वर्षीची तुकडी त्याची होती. पोर्शन मागे पडला होता, म्हणून तो दिवस मी प्रकाशाच्या अपवर्तनाची उदाहरणं सोडवण्यात घातला. मास्तर आता थकले आहेत, पण पत्त्यांची एक माळ त्यांनी घराच्या माळ्यावर जपून ठेवली आहे. मी विद्यार्थ्याला फोन केला आहे. येत्या रविवारी तो येतो म्हणालाय.